बियांना आधी पाणी पाजा

जुळे सोलापुरातून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून नाव गाळून बाकीचं पत्र थोडं आवरून देते.

"ताई, नमस्कार. मार्चपासून घरी ब्रेड करायचा प्रयत्न चाललाय. मुलगा नववीत आहे, त्याला डब्यात सँडविच लागतं. यजमानांची तपासणी केली, त्यात एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, आतापासून सांभाळा. मग मी ठरवलं, विकतचा मैद्याचा ब्रेड बंद, घरीच कणकेचा करायचा आणि त्यात चांगल्या बिया घालायच्या. जवस, चिया, भोपळ्याच्या बिया आणि सूर्यफुलाच्या बिया अशी चार पाकिटं आणली. अर्धा किलो कणीक, ३०० मिली पाणी, वाटीभर बिया, यीस्ट पाकिटावर लिहिलं होतं तेवढं. दीड तास झाकून ठेवलं, ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, १८० वर २५ मिनिटं भाजलं. तीनदा केला, तिन्ही वेळा वीट. मधे गिच्च, कडेला कोरडा, आणि सुरी लावली की वरच्या बिया सगळ्या ताटात. सासूबाई म्हणाल्या, 'भाकरीच्या गावात पावाचा सोस कशाला?' रागाने नाही बोलल्या, पण मला लागलं. चुकतंय कुठे? उरलेल्या बियांचं काय करू? की सोडूनच देऊ?"

ताई, सोडू नका. तुम्ही मापं लिहून पाठवलीत, त्यामुळे तुमच्या ओट्यापाशी उभं राहून बघितल्यासारखं सगळं कळलं. तुमच्या हातात काही दोष नाही. ब्रेडला पाणी कमी पडलं आणि सोलापूरचं ऊन जास्त झालं, एवढंच.

आधी पाण्याचं बोलू. आज दुपारीच एक करून बघा. वाटीत चमचाभर जवस घ्या, त्यावर तीन चमचे कढत पाणी ओता आणि तासाभराने त्यात बोट बुडवा. मोकळं पाणी जवळजवळ राहिलेलं नसेल. दाण्यांभोवती अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत थर आलेला असेल आणि बोट वर उचललं की तार निघेल. हे झालं जवसाचं. चिया तर आपल्या वजनाच्या जवळपास दहापट पाणी पिते. तुम्ही हे दोन्ही कोरडेच पिठात घातलेत. मग दीड तास झाकणाखाली ते काय करत होते? पिठातलं पाणी ओढून घेत होते.

त्यात मुळात पाणी कमीच होतं. गिरणीतून दळून आणलेल्या कणकेत कोंडा असतो, शिवाय जात्याखाली पिठूळ कण फुटलेले असतात. दोन्हींना पाणी जास्त लागतं. पोळीची कणीक आपण हाताच्या अंदाजाने भिजवतो, ब्रेडची त्याहून बरीच सैल हवी. अर्धा किलो कणकेला ३५० ते ३७५ मिली पाणी लागतं, तेही बिया न घालता. म्हणजे तुम्ही पहिल्यापासूनच ५०-७५ मिलीने मागे होतात आणि उरलेल्यात बिया वाटेकरी झाल्या. पिठाला ताणायला, फुगायला ओलावाच उरला नाही.

बिया जास्तही झाल्या. वाटीभर म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास, पिठाच्या ३० टक्के. सुरुवातीला १५-१७ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. गव्हातलं प्रथिन भिजून मळलं गेलं की त्याची ताणली जाणारी जाळी तयार होते, ग्लुटेन म्हणतात ते हेच. यीस्टने सोडलेला वायू ह्या जाळीत अडकतो म्हणून ब्रेड फुगतो. कोंड्याचे आणि बियांचे धारदार कण ही जाळी कापतात. म्हणून बिया मळणीच्या अगदी शेवटी घालायच्या, जाळी बळकट झाल्यावर.

आता उन्हाचं. हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण ह्यात मी स्वतः पोळले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मे महिन्यात घरी पाहुणे यायचे होते. ब्रेडची एक कृती उतरवून घेतली होती, त्यात लिहिलं होतं, 'दीड तास उबदार जागी ठेवा.' मी दुपारी बाराला पीठ भिजवलं, डबा ओट्यावर ठेवला आणि झाडलोट, पडदे, बाकीचा स्वयंपाक ह्यात गढून गेले. घड्याळ बघून बरोबर दीड तासाने झाकण उघडलं. पीठ वर येऊन पुन्हा खाली बसलं होतं, वरची साय सुरकुतली होती आणि आंबूस, दारूसारखा भपकारा आला. तसंच साच्यात घालून भाजलं. फरशीसारखा ब्रेड निघाला. पाहुणे निघून गेल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून रडले होते. ती कृती कुठल्या तरी थंड गावची होती, ते मला फार उशिरा उमगलं. उबदार जागा म्हणजे पंचवीस-सव्वीस अंश. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२ असतं, स्वयंपाकघरात गॅस चालू असतो. जे पीठ तिथे दीड तास घेतं ते इथे चाळीस मिनिटांत तयार होतं आणि पुढच्या अर्ध्या तासात मरगळतं. तुमचे तिन्ही ब्रेड मार्चपासूनचे आहेत. 'दीड तास झाकून ठेवलं' हे वाचलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

तेव्हा घड्याळ बाजूला ठेवा. सरळ उभ्या बाजूंचा स्टीलचा डबा घ्या, आत तेलाचं बोट फिरवा, पीठ घालून वरून सपाट करा आणि डब्याला बाहेरून त्या उंचीवर चिकटपट्टी लावा. निम्मी कणीक आणि निम्मा मैदा असलेलं पीठ पावणेदोन पट झालं की थांबवायचं, दुपटीची वाट बघायची नाही. जानेवारीच्या सकाळी ह्याला दोन तास लागतील, एप्रिलमध्ये पाऊण तासही लागणार नाही. दोन्ही बरोबरच.

उन्हाळ्यात माझी रीत अशी. पहाटे साडेपाचला पीठ भिजवते. पाणी माठातलं घेते, मे महिन्यात फ्रिजमधलं. यीस्ट निम्मं करते. परातीत दोन बोटं पाणी घालून त्यात डबा ठेवते, डब्याभोवती ओला पंचा गुंडाळते आणि पंच्याचं टोक परातीतल्या पाण्यात बुडालेलं ठेवते. आपली हवा कोरडी असते, त्यामुळे पंच्यातलं पाणी भराभर उडतं आणि जाताना डब्यातली उष्णता घेऊन जातं. माठ गार होतो तो ह्याच गुणाने. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती इतकी लागू पडणार नाही, सोलापुरात मात्र हमखास पडते. ह्याच कोरड्या हवेने उघड्या पिठावर दहा मिनिटांत साल धरते, तेव्हा झाकण घट्ट हवं. आणि एक सांगून ठेवते, आपल्या गावात टॉवेलला तोटा नाही, पण टेरी टॉवेल पिठावर टाकू नका. त्याचे फासे ओल्या पिठात रुततात आणि दोरे सुटून पिठात राहतात. पातळ पंचा किंवा सरळ डब्याचं झाकण बरं.

यीस्टचं पाकीट एकदा फोडलं की घट्ट डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. एप्रिलच्या फडताळात ते महिनाभरात निकामी होतं. शंका असेल तर कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून त्यात थोडं यीस्ट टाका. दहा मिनिटांत फेस आला नाही तर टाकून द्या, त्याच्या भरवशावर पीठ वाया घालवू नका. आणि कोमट म्हणजे बोटाला सुखावेल इतकंच. साधारण ५५-६० अंशांपुढे यीस्ट मरतं.

आता पुढच्या रविवारी काय करायचं ते सांगते. अर्धा किलो नको, ३०० ग्रॅम पिठाचा लहान ब्रेड करा. ८ बाय ४ इंचांच्या साच्यात बसतो, आणि चुकला तरी जिवाला फार लागत नाही. दीडशे ग्रॅम कणीक, दीडशे ग्रॅम मैदा. मैदा म्हटल्यावर तुमचं तोंड उतरेल, माहीत आहे मला. पण पहिल्यांदा हाताला कळू दे की जमलेलं पीठ कसं लागतं. एकदा ते ओळखू यायला लागलं की दर खेपेला पन्नास ग्रॅम मैदा काढून तेवढी कणीक वाढवा आणि पाण्याचा एखादा चमचा जास्त घाला. चौथ्या ब्रेडला तुम्ही पूर्ण कणकेवर आलेल्या असाल. कणीक बारीक दळलेली हवी, गिरणीवाल्याला तसं सांगा. खपली गहू घरात असेल तर तो पोळीला आणि खिरीला ठेवा. त्याचं ग्लुटेन दुबळं असतं, एकट्याच्या जिवावर ब्रेड उभा राहत नाही.

बिया एकूण ५० ग्रॅम. जवस १५, सूर्यफुलाच्या १५, भोपळ्याच्या १० आणि तीळ १०. तीळ तुमच्या पाकिटांत नव्हते, पण घरात असणारच, आणि चवीला मला सगळ्यांत तेच आवडतात. जवस सोडून बाकीच्या बिया मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा. त्यातले चमचाभर तीळ वर लावायला काढून ठेवा. उरलेल्या सगळ्या एका भांड्यात घालून त्यावर ५५ मिली उकळतं पाणी ओता आणि पूर्ण गार होईपर्यंत, निदान तासभर, झाकून ठेवा. रात्री भिजवणार असाल तर भांडं फ्रिजमध्ये जाऊ द्या, उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं सकाळपर्यंत आंबूस होतं. चिया वापरायचीच असेल तर एका चमच्याच्या वर नको, आणि तिच्यासाठी ४० मिली पाणी वेगळं.

पीठ, २०० मिली पाणी आणि यीस्ट एकत्र करून नुसतं कालवा आणि वीस मिनिटं तसंच राहू द्या. यीस्ट इन्स्टंट असेल तर थंडीत एक सपाट चमचा, उन्हाळ्यात अर्धा. पोळीची कणीक मुरायला ठेवतो तसंच हे, निम्मी मळणी आपोआप होते. मग एक सपाट चमचा मीठ, मोठा चमचाभर गुळाची पूड आणि तेवढंच तेल घालून दहा-बारा मिनिटं तिंबा. पीठ हाताला चिकटेल. त्या वेळी वरून कोरडं पीठ भुरभुरायचं नाही, इथेच बहुतेकींचा ब्रेड दडस होतो. हात पाण्याने ओला करा आणि मळत राहा. हळूहळू पीठ परात सोडायला लागतं, गुळगुळीत होतं, लोच येतो. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी ताणा. फाटण्याआधी त्याचा पातळ पडदा झाला आणि खिडकीकडे धरल्यावर पलीकडचा उजेड दिसला की मळणी झाली. आता भिजलेल्या बिया घाला, भांड्याच्या तळाला राहिलेला बुळबुळीत अंशही निपटून घ्या. सुरुवातीला सगळं निसरडं होतं, पीठ बिघडलं असं वाटतं. दोन मिनिटं धीर धरा, बिया आत सामावतात. मग पीठ चिकटपट्टीच्या डब्यात फुगायला ठेवा, आणि पावणेदोन पट झालं की त्याचा साच्यात बसेल असा रोल वळा.

इथे मला तुमच्या सासूबाईंकडे यायचंय.

त्यांचं बोलणं तुम्हाला लागलं, साहजिक आहे. तीनदा फसल्यावर माणूस हळवा झालेला असतो. पण ज्या बाईने जन्मभर ज्वारीची भाकरी थापली तिच्या बोटांत जे ज्ञान आहे ते कुठल्या ओटीजीबरोबरच्या पुस्तिकेत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, तरी ती भाकरी न चिरता पातळ थापतात, ती पाण्याच्या आणि हाताच्या जोरावर. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की त्यांना पहिल्याच मुठीत कळतं, आणि मग त्या कढत पाण्यात पीठ भिजवतात. ब्रेडमध्ये नेमकं हेच उपयोगी पडतं. पहिला ब्रेड जमल्यावर दुसऱ्या वेळी ४० ग्रॅम मैद्याच्या जागी ज्वारीचं पीठ घ्या, पण कोरडं घालू नका. सासूबाईंना उकड काढायला सांगा. ४० ग्रॅम ज्वारीच्या पिठाला १०० मिली उकळतं पाणी, घोटून झाकून गार करायचं आणि तेवढं पाणी मूळच्या पाण्यातून वजा करायचं. उकडलेलं पीठ पाणी धरून ठेवतं, त्यामुळे ब्रेड मऊ राहतो, दुसऱ्या दिवशीही भुरभुरत नाही. आपल्या जिल्ह्यातली मालदांडी ज्वारी, मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेलं एम ३५-१ हे तिचं वाण, ह्याला फार छान लागते. तिची किंचित गोडसर चव ब्रेडमध्येही टिकते.

आणि वरच्या बिया ताटात पडतात, त्याचं उत्तरही त्यांच्याकडेच आहे. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ कसे लावतात ते त्यांना विचारा. भाकरी थापून होत आली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, तीळ पेरायचे आणि तळहाताने हलकेच दाबून पुन्हा दोन थापा द्यायच्या. तीळ पिठात अर्धे रुततात, तव्यावर पडत नाहीत. ब्रेडचंही असंच. तुम्ही बहुधा कोरड्या पिठावर नुसत्या भुरभुरवल्या असतील. रोल साच्यात ठेवण्याआधी ओल्या पंच्यावरून फिरवा, मग ताटात पसरलेल्या तिळांवर दाबून लोळवा आणि तिळाची बाजू वर करून साच्यात ठेवा. हे काम सासूबाईंच्या हातून करून घ्या. मनापासून सांगते, त्यांना पाव आवडत नाही असं नाही. स्वयंपाकघरात काहीतरी चाललंय आणि त्यात आपल्याला जागा नाही, हे बहुधा त्यांना खुपत असेल.

साच्यात घातल्यावर पीठ पुन्हा फुगू द्यायचं. काठाच्या बोटभर वर आलं की बोट ओलं करून कडेला हलकेच दाबा. खड्डा लगेच भरून आला तर अजून थांबा, हळूहळू अर्धवट भरला तर भट्टीत घाला, अजिबात भरला नाही तर वेळ टळली. वेळ टळलेलं पीठ फेकू नका. ते परत मळून जाड भाकरीसारखं थापा आणि तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी तेल सोडून भाजा. शेंगा चटणी आणि दह्याबरोबर पोरं आनंदाने खातात.

ओटीजी पंधरा मिनिटं आधी २१० वर तापवा, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू ठेवा. साचा खालच्या खणात ठेवा, सोबत एका वाटीत उकळतं पाणी. पहिली दहा मिनिटं २००, मग पाण्याची वाटी काढून घ्या आणि १८० वर आणखी पंचवीस मिनिटं. तीळ काळपटायला लागले तर वर फॉइल टाका. तुमचे २५ मिनिटांचे ब्रेड आत कच्चे होते, गिच्चपणाचं एक कारण ते. दुसरं कारण तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला खात्री आहे की गरम असतानाच कापलात. वास सुटल्यावर राहवत नाही, पोरगं मागे उभं असतं. तरी साच्यातून लगेच काढून जाळीवर ठेवा आणि दोन तास हात लावू नका. आतली वाफ बाहेर पडत असते, गाभा बसत असतो. त्या वेळी सुरी घातली तर नीट भाजलेला ब्रेडही लगदा दिसतो. घरात तापमापक असेल तर गाभ्यात ९४-९५ अंश दाखवायला हवेत. नसेल तर ब्रेड उलटा करून बुडाला बोटाच्या पेराने टकटक करा. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला की झाला.

सोडा घालून झटपट करायचा मोह झाला तर एक लक्षात ठेवा. सूर्यफुलाच्या बियांतलं एक द्रव्य सोड्याशी मिळून हिरवं होतं, ब्रेड कापल्यावर आत हिरवे डाग दिसतात. घाबरायचं कारण नाही, ती बुरशी नव्हे.

आता यजमानांच्या साखरेचं. हे नीट वाचा. ६.१ म्हणजे ते मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत, ५.७ ते ६.४ हा तोच पट्टा. काय आणि किती खायचं ते त्यांच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी सांगायचं, मी नाही. पण ब्रेडचा हिशेब मी मांडून देऊ शकते. ३०० ग्रॅम पिठाच्या ब्रेडचे साधारण १३ काप होतात. एका कापात २३ ग्रॅम पीठ, म्हणजे १७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. बिया? एका कापाला जेमतेम ४ ग्रॅम, त्यात जवस सव्वा ग्रॅमही नाही. तेव्हा बिया घातल्या म्हणून चार काप चालतील, असं कुणी घरात म्हणत असेल तर ते खरं नाही. चार कापांचे ६८ ग्रॅम होतात आणि बियांनी ते कमी होत नाहीत. हेच विकतच्या मल्टीग्रेनला लागू. पाकिटामागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैदा पहिला असेल आणि बिया शेवटून तिसऱ्या, तर पुढच्या बाजूला कितीही कणसं छापलेली असोत, तो मैद्याचाच ब्रेड.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. नवऱ्याच्या साखरेसाठी हा ब्रेड करू नका. त्यांच्या ताटात सासूबाईंची ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ हेच राहू द्या, तीही मोजून. ब्रेड मुलाच्या डब्यासाठी करा, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला करावासा वाटतोय म्हणून करा. तीनदा फसून चौथ्यांदा पत्र लिहून विचारणाऱ्या बाईला ही गोष्ट आवडली आहे, हे उघड आहे. त्याला औषधाचं निमित्त लागत नाही. यजमानांनी रविवारी एक काप मुलाबरोबर खाल्ला तर घर काही बुडत नाही.

बियांचा गुण हवाच असेल तर तो चटणीतून घ्या, उरलेल्या पाकिटांचं उत्तरही तेच. १०० ग्रॅम जवसात २७ ग्रॅमच्या आसपास तंतू आणि १८ ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय माशांत असतं त्या जातीचं, म्हणजे ओमेगा-३ गटातलं तेल. पण अख्खा दाणा कवचासकट पोटातून तसाच निघून जातो, कुटला तरच अंगी लागतो. ब्रेडमधल्या सव्वा ग्रॅमपेक्षा भाकरीबरोबर दोन चमचे जवसाची चटणी कितीतरी जास्त देते. जवस कोरडे भाजा, तडतडायला लागले की उतरवा. सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ, थोडं जिरं घालून खलबत्त्यात किंवा मिक्सरवर जाडसर करा. सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बियाही ह्यात मूठभर जातात. कारळे मिळाले तर त्यांची वेगळी करा. मात्र दुकानात कारळे मागताना कलौंजी देत नाहीत ना ते बघा, दोन्ही काळे असतात आणि घोळ होतो. कुटलेल्या जवसाला उन्हाळ्यात आठवड्याभरात खवट वास येतो, म्हणून थोडीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फोडलेली पाकिटंही फ्रीजरमध्ये जाऊ द्या. यजमानांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर रोज जवस सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

ब्रेड बाहेर दोन दिवस टिकेल, मे महिन्यात एकच. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे लवकर शिळा आणि कडक होतो. गार झाल्यावर सगळाच कापून, काप सुटे राहतील असे पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी डब्यासाठी लागतील तेवढे थेट तव्यावर टाका. मुलाच्या सँडविचमध्ये लोणी कमी आणि शेंगा चटणी जास्त लावून बघा, वर काकडीच्या चकत्या. त्याच्या डब्यात मित्रही हात घालणार, पण तीळ सोसत नाहीत असं एखादं पोर वर्गात असतं, तेव्हा ब्रेडमध्ये तीळ आहेत हे मुलाला सांगून ठेवा.

रविवारी केलात की मला कळवा. पीठ किती वाजता भिजवलं, चिकटपट्टीच्या वर यायला किती वेळ लागला, आणि सासूबाईंनी कापलेला पहिला काप कशाबरोबर खाल्ला, एवढं लिहा.